गजकर्णाची कॅप्सूल आणि कोलेस्टेरॉलची गोळी

प्रश्न : अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडे आलेय. गजकर्णासाठी इथल्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल दिलंय. माझी सिम्व्हास्टॅटिन चालू आहे. दोन्ही घेऊ का?

उत्तर : नाही, ताई. इट्राकोनॅझोलमुळे सिम्व्हास्टॅटिन शरीरात मोडत नाही, रक्तात साठतं आणि स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. डॉक्टरांशी बोलेपर्यंत पहिली कॅप्सूल घेऊ नका. भारतातून आणलेली प्रत्येक गोळी त्यांना दाखवा; हृदय कमकुवत असेल तर तेही सांगा. पुढे कॅप्सूल सुरू झालीच तर भरल्या पोटी घ्या. धाप लागली, पाय सुजले, लघवी गडद झाली तर ती लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा.

टर्बिनाफिन या गजकर्णाच्या नेहमीच्या औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीची २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही नोंद झाली. अशी चिवट बुरशी आणखी पसरू नये म्हणून बॅगेत स्टेरॉइडमिश्रित मलम असेल तर कळकळीनं सांगते, लावू नका. त्यानं खाज शमते, बुरशी मात्र पसरत राहते.