रुतलेली पिन आणि गंजाची पाचर

मुसळधार पावसात परळहून दादरकडे जाताना हिंदमाता चौकात गुडघाभर पाणी साचलेले तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दादरच्या फूलबाजारात पहाटे माल उतरवून परतणाऱ्या एखाद्या जुन्या पिकअपला त्याच पाण्यातून वाट काढावी लागते. काही महिन्यांनी ब्रेक दाबताच ती गाडी एका बाजूला ओढू लागते. मिस्त्री चाक उतरवून पाहतो आणि सांगतो, "गाइड पिन जाम झाली आहे." ही पिन काय काम करते, ती का अडकते आणि ती सोडवताना शाळेत शिकलेले विज्ञान कसे उपयोगी पडते, हे आता पाहू.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे दाबतात. हे पॅड धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. अनेक गाड्यांत पॅड दाबणारा दट्ट्या फक्त आतल्या बाजूला असतो. मग बाहेरचा पॅड कोण दाबतो? न्यूटनचा तिसरा नियम आठवा. दट्ट्या आतला पॅड चकतीवर रेटतो, तेव्हा प्रतिक्रियेमुळे कॅलिपर उलट दिशेने सरकतो आणि बाहेरचा पॅड चकतीवर ओढून घेतो. कॅलिपर ज्या दोन गुळगुळीत दांड्यांच्या आधाराने सरकतो, त्याच गाइड पिना. पिन अडकली की बहुधा आतला पॅड भराभर झिजतो, बाहेरचा तसाच राहतो आणि त्या चाकाचा ब्रेक कमी लागतो. मग गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. ओल्या रस्त्यावर हे जिवावर बेतू शकते.

पिनेभोवती रबरी बूट असतो. तो फाटला की पाणी आत शिरते. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. गिरगाव ते दादर हा भाग समुद्राजवळचा. हवेतून आलेले क्षार पाण्यात विरघळले की ते विजेचे चांगले वाहक बनते आणि गंजण्याची विद्युतरासायनिक क्रिया वेगाने होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक असते. पिन आणि छिद्र यांच्यातील फट मात्र मिलिमीटरचा अंशच! त्या फटीत गंज पाचरीसारखा ठासून बसतो.

अशी पिन नुसत्या हातोड्याने ठोकली तर ती वाकते किंवा तुटते. म्हणून जाणकार मिस्त्री आधी रबरी भाग काढतो आणि गंज सोडवणारे पातळ तेल कडेला सोडून रात्रभर थांबतो. केशाकर्षणामुळे तेल अरुंद फटीत आपोआप शिरते. मग पान्याने पिन थोडी पुढे, थोडी मागे फिरवतो. त्यामुळे गंजाचा भुगा होतो आणि तेल आणखी खोल जाते. पाना दुप्पट लांब घेतला तर तेवढ्याच जोराने बलाचा आघूर्ण दुप्पट होतो. पण म्हणूनच लांब पान्याने पिन मोडण्याचा धोकाही वाढतो.

एवढ्यानेही पिन हलली नाही, तर कॅलिपर बाजूला काढून, तेल पुसून, पिनेभोवतीचा भाग तापवतात. गोळा आणि कडीचा प्रयोग आठवतो ना? तापल्यावर छिद्रही मोठे होते. पोलादाचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२ आहे. १० मिलिमीटर व्यासाचे छिद्र २०० अंशांनी तापले, तर ते सुमारे ०.०२४ मिलिमीटरने रुंदावते. एवढ्याने गंजाची पकड सैल होऊ शकते. मात्र पिन तेवढी तापता कामा नये.

पिन निघाल्यावर छिद्र साफ करून, नवा बूट व ब्रेकसाठीचे खास ग्रीस वापरावे. साध्या खनिज तेलाने ब्रेकमधील काही प्रकारचे रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. पॅडवर तर तेलाचा थेंबही नको, कारण तेथे घर्षणच हवे असते.

ब्रेकचे काम विद्यार्थ्यांनी स्वतः करू नये. त्याऐवजी हा प्रयोग करून पाहा. मुलामा नसलेल्या लोखंडी नटबोल्टच्या दोन सारख्या जोड्या सारख्याच घट्ट आवळा. दोन आठवडे त्यांच्यावर रोज मिठाचे पाणी शिंपडा. मग एकीवर तेल सोडून रात्रभर ठेवा, दुसरी तशीच राहू द्या. सकाळी एकाच पान्याने दोन्ही सोडवा. कोणती आधी सुटली, आणि का, ते वहीत लिहा.