गिटारच्या टोन सर्किटविषयी पुतण्यास पत्र



नांदेडला अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि लातूरच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चिरंजीवाने व्हॉल्वचा अॅम्प्लिफायर बांधायचे मनावर घेतले, हे उत्तमच झाले; मात्र कोणत्या कंपनीचा कपॅसिटर गोड वाजतो या चर्चेत गुंतण्याआधी त्याने टोन सर्किटमधील भागांची मूल्ये आणि त्या सर्किटची जागा समजून घ्यावी. पीटर बॅक्सँडल यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या, घरगुती अॅम्प्लिफायरांत रूढ झालेल्या रचनेत बटणे मध्यावर ठेवली की सर्व स्वर जवळपास सारखेच पुढे जातात. गिटारच्या सर्किटमध्ये मात्र तेव्हाही मधल्या स्वरांत खळगा राहतो, आणि तो कोठे व किती खोल पडावा हे बऱ्याच अंशी ‘स्लोप रेझिस्टर’, म्हणजे बास आणि मिडलच्या कपॅसिटरांकडे सिग्नल नेणारा रेझिस्टर, ठरवतो.

फेंडरच्या १९६० च्या दशकातील अनेक अॅम्प्लिफायरांत हा स्लोप रेझिस्टर १०० किलोओहमचा, तर ट्रेबलचा कपॅसिटर २५० पिकोफॅरडचा आहे. मार्शलने, ज्याचा १९६२ चा पहिला अॅम्प्लिफायर फेंडरच्याच बासमनवर बेतलेला होता, पुढे ३३ किलोओहम आणि ५०० पिकोफॅरड पत्करले. रेझिस्टर लहान केला की खळगा उथळ होऊन वर सरकतो, मधले स्वर भरून येतात, आणि सिग्नल कमी खर्ची पडल्याने पुढच्या व्हॉल्वला जोर मिळून आवाज लवकर फाटतो. बोटांना जाणवणारा फरक तो हाच. जागेचाही परिणाम मोठा आहे: फेंडरच्या त्या अॅम्प्लिफायरांत हे सर्किट पहिल्या टप्प्यानंतर लगेच येते, म्हणून वाढवलेला बास पुढच्या व्हॉल्वांत शिरतो आणि जोरात वाजवताना खालच्या तारा सैल लागतात; मार्शलमध्ये ते प्रीअॅम्पच्या शेवटी असते, त्यामुळे तितके होत नाही.

कपॅसिटरच्या जातीचा फरक याच्या तुलनेत किरकोळ. मात्र स्वस्त सिरॅमिकचे मूल्य उष्णतेने बदलते, आणि मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून ट्रेबलसाठी सिल्व्हर मायका घ्यावा, मीटरवर मोजून बसवावा, एका वेळी एकच भाग बदलावा, आणि मांडवात जेवढ्या आवाजावर वाजवायचे तेवढ्यावरच पारखावा.

फेंडरच्या या रचनेत स्लोप रेझिस्टर थेट व्हॉल्वच्या प्लेटला जोडलेला असल्याने त्यावर शंभराहून अधिक व्होल्ट असतात, आणि पॉवर सप्लायचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेले राहतात. हे कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे केल्याचे मीटरवर पाहिल्याखेरीज चिरंजीवाने आत हात घालू नये.