कुमारीची एक बांगडी



श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायांत, अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. आपल्या संप्रदायात तो अवधूत म्हणजेच दत्तप्रभू. नाथमहाराजांनी या स्कंधावर मराठीत टीका केली आणि ती शके 1495 मध्ये काशीस पूर्ण झाली. अधिकारी मंडळी चोवीसही गुरूंवर बोलतील. मी बी.कॉम. झालेला, 34 वर्षे बँकेत कारकुनी केलेला माणूस. मला त्यातले तीनच थोडेफार कळले, तेही गरज पडली म्हणून.

पहिली पिंगला. विदेहनगरीची ही गणिका सजूनधजून दारात उभी राहते. समोरून जाणारा थांबत नाही. हा गेला तर गेला, पुढचा येईल, तो जास्त देईल, असं म्हणत आत-बाहेर करता करता मध्यरात्र होते. निवृत्तीनंतर मला मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायची सवय लागली, तेव्हा माझी गत हीच. हरलो की पुढच्या डावात निघतील. जिंकलो की आज हात चांगला आहे. रात्री दोन वाजता पांघरुणात मोबाईल! ग्रॅच्युइटीतले 4 लाख 60 हजार तीन वर्षांत गेले, वर ओळखीच्यांची उसनवारी. बँकेत एक रुपयाचा फरक सापडल्याशिवाय घरी न जाणारा मी, स्वतःचा हिशोब मात्र कधी मांडला नाही.

पिंगलेला एका रात्रीत वैराग्य आलं. मला नाही आलं. दोनदा खेळ मोबाईलमधून काढला आणि दोनदा परत घातला. शेवटी पासबुक हिच्या हाती लागलं. त्या दिवसापासून कार्ड आणि पासबुक हिच्याकडे, माझ्याकडे बटणांचा साधा फोन. मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडेही हीच घेऊन गेली. (ज्यांना कुठं जावं सुचत नाही त्यांनी 14416 या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर बोलावं. पैसे पडत नाहीत.)

खेळ सुटला आणि त्याच्याखाली झाकलेलं दुसरंच दुखणं वर आलं. चार माणसांत मला लहानपणापासून भीती वाटते. शाळेत उभं राहून धडा वाचायचा म्हटलं की घसा कोरडा पडायचा. काउंटरच्या काचेमागे ते निभावलं, कारण तिथं काय बोलायचं ते ठरलेलं असतं. लग्नाकार्यात मात्र मी मोबाईलमध्ये मान खाली घालून बसायचो. खेळातल्या त्या टेबलावर माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं ना! आता हात रिकामे झाले. ते ठेवायचे कुठं? तळव्यांना घाम यायचा. त्यात भर म्हणजे, सगळ्यांना आपलं कळलंय. गुरुवारची आरती सुटली. उत्सवाची पैशांची पेटी बरीच वर्षे माझ्याकडे होती, ती तब्येतीचं कारण सांगून परत केली. त्यातल्या पैशाला मी कधी हात लावला नव्हता, पण लोक काय म्हणत असतील, या विचारानं झोप लागत नसे.

आणि मला आधारही शास्त्रातच सापडला. दुसरी गुरू, कुमारी. हातात अनेक बांगड्या असल्या की वाजतात, दोन असल्या तरी वाजतात, एकच उरली की शांत. म्हणून साधकाने एकटं असावं. मी हिला हे ऐकवत असे. एकदा तांदूळ निवडता निवडता ही म्हणाली, "अहो, पण पाहुणे आले म्हणून ती आत जाऊन बसली का?"

मी पोथी पुन्हा काढली. मुलीला बघायला पाहुणे आलेले. घरातली माणसं बाहेर गेलेली. तिनं एकटीनं त्यांचं आगतस्वागत केलं आणि जेवणासाठी साळी कांडायला बसली. कांडताना बांगड्या वाजल्या. आवाज पाहुण्यांपर्यंत जाईल, घरची गरिबी कळेल, याची तिला लाज वाटली. म्हणून एकेक करत दोन्ही हातांत एकेकच ठेवली. अवधूताला त्यातून विरक्ताचा एकांत सांगायचा आहे आणि तो अर्थ मोठाच आहे, मी तो खोडत नाही. पण माझ्या मापाचं मला एवढं दिसलं, की लाज तिलाही वाटली, पण तिनं मुसळ सोडलं नाही. पाहुण्यांना टाळलं नाही. मी मात्र बांगड्या तशाच ठेवून साळीच टाकून पळालो होतो.

डॉक्टरबाईंचंही म्हणणं असंच निघालं. टाळलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं, पण भीती पुढच्या खेपेला वाढून येते. (चक्रवाढ व्याज, मी मनात म्हटलं.) त्यांनी भीतीची प्रसंगवार यादी करायला लावली, सोपं आधी. वाण्याशी दोन वाक्यं बोलणं. मग आरतीला मागच्या रांगेत उभं राहणं, आणि घाम आला तरी प्रसाद घेतल्याशिवाय न निघणं. हे शेवटचं जमायला चार गुरुवार गेले. त्या म्हणाल्या, "आपण कसे दिसतोय याच्यावरचं लक्ष काढून हातातल्या कामावर ठेवा."

तेव्हा मला तिसरा गुरू आठवला. बाण करणारा. बाण सरळ करण्यात तो इतका गढलेला, की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला पत्ता नाही. मला वाटायचं, हे थोर योग्यांसाठी आहे. ते मीठ वाढणाऱ्यासाठीही आहे.

गेल्या दत्तजयंतीला महाप्रसादाच्या पंगतीत मी मीठ-लिंबू वाढायला मागून घेतलं. पहिल्या ओळीत हात इतका थरथरला की एका मुलाच्या पानात ढीगच पडला. पान, चिमूट, पुढचं पान, एवढंच बघत गेलो. तिसऱ्या ओळीत ज्यांचे 20 हजार उसने घेतले होते ते गृहस्थ बसलेले. 8 हजार द्यायचे बाकी होते. वर्षभर मी त्यांची गल्ली टाळत होतो. मीठ वाढलं आणि तिथंच वाकून म्हटलं, "राहिलेले संक्रांतीपर्यंत देतो."

ते म्हणाले, "अहो, आधी लिंबू वाढा."

पैसे संक्रांतीआधी दिले. यंदा पंगतीत भात वाढायला सांगितलंय, तिथं प्रत्येकाला "आणखी वाढू का" असं विचारावं लागतं. पेटी मात्र मी अजून परत घेतलेली नाही.