साठीची बुद्धी आणि गोळ्यांची पिशवी

‘साठी बुद्धी नाठी’ असं घरात कुणी म्हणालं की चौकशी तिथेच संपते. बाबा नातवाचं नाव विसरले, आईने दोनदा मीठ घातलं, की वय झालं म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. वयाचा दोष असतोही. पण कधीकधी तो गोळ्यांच्या पाकिटात असतो, आणि तिथे असला तर बऱ्याचदा दुरुस्त होतो. म्हणून आधी पाकीट बघायचं.

कळंबोलीत याची गरज जास्त. लोखंड बाजारात उमेदीची वर्षं सळया-पत्रे वाहिलेले माथाडी आता सिडकोच्या केएल टाइप घरांत म्हातारे होताहेत. पाठीचा डॉक्टर एक, बीपी-शुगरचा दुसरा, झोपेची गोळी मागे कधीतरी कुणी दिलेली, सर्दीची मेडिकलमधून आणलेली. सगळ्या गोळ्या एकाच पोटात जातात; सगळ्या चिठ्ठ्या मात्र एका टेबलावर कधी येत नाहीत.

साहित्य: कापडी पिशवी, शंभर पानी वही, बारीक अक्षर वाचायला मोबाइलचा कॅमेरा, आणि गेल्या वर्षाचं कालनिर्णय फेकलं नसेल तर तेही.

मात्र गोंधळ तासाभरात किंवा एक-दोन दिवसांत सुरू झाला असेल, भास होत असतील, ताप असेल, तोंड वाकडं झालं असेल, डोक्यावर पडले असतील, तर ही कृती राहू द्या आणि १०८ ला फोन करा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी ग्लुकोमीटर लावा. आकडा ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर, नीट गिळतोय, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

१. पिशवी भरा. उशीखालची, फ्रिजच्या दारातली, देव्हाऱ्यामागची, सगळी औषधं. खोकल्याची बाटली, डोळ्यांचे थेंब, चूर्ण, गावाहून आलेली पुडी, शेजारणीने ‘मला गुण आला’ म्हणून दिलेल्या चार गोळ्यासुद्धा. दटावू नका. दटावलं की अर्धी पिशवी लपते.

२. वहीत उतरवा. पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं. आपल्याला हवं ते खालच्या बारीक अक्षरातलं. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच औषध निघतं, ते इथेच कळतं. बीपीच्या गोळीच्या नावापुढचा ‘एच’ म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड, ‘एएम’ म्हणजे अॅम्लोडिपिन. प्रत्येकापुढे लिहा: किती मिलिग्रॅम, कुणी दिली, कधीपासून, आणि प्रत्यक्षात कशी घेतात. शेवटचा रकाना खरा. चिठ्ठीवर रात्री एक असते. बाबा मात्र डोळा लागला नाही की दुसरी घेतात, कधी चपटीबरोबर.

३. आता संशयितांवर खूण करा. पहिल्या झोपेच्या आणि घाबरेपणाच्या: अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम. उतारवयात औषध शरीराबाहेर पडायला वेळ लागतो. डायझेपाम तर कित्येक दिवस रेंगाळतं, आणि रात्रीची गोळी दुपारपर्यंत डोकं जड ठेवते. दुसरा गट फसवा, कारण त्यातली काही औषधं अगदी घरगुती वाटतात. आठवण साठवायला मेंदूला अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन लागतं आणि ही औषधं त्याचीच वाट अडवतात: सर्दी-खाजेची क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन आणि हायड्रॉक्सिझिन, नसांच्या दुखण्यावरची अॅमिट्रिप्टिलिन, पोटातल्या कळेवरची डायसायक्लोमिन, लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, कंपावरची ट्रायहेक्सिफेनिडिल. विसरण्याच्या जोडीला तोंड कोरडं पडत असेल, बद्धकोष्ठ असेल, लघवी अडत असेल, तर संशय बळावतो. वृद्धांसाठी जोखमीच्या औषधांची यादी डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत केली. २०२३ च्या तिच्या आवृत्तीतही हे दोन्ही गट आहेत.

आडून येणारीही असतात. तो ‘एच’ रक्तातलं सोडियम उतरवू शकतो, आणि सोडियम उतरलं की माणूस बरळतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. पाठीसाठीच्या ट्रामाडोल आणि प्रेगाबालिनने झिंग येते, तोल जातो.

४. दोन तारखा जुळवा. विसरणं कधी सुरू झालं आणि नवी गोळी कधी सुरू झाली? नुसतं विचारलं तर ‘झाले असतील सहा महिने’ एवढंच उत्तर मिळतं. कालनिर्णय उघडा. सिलिंडर कधी आला, दुधाचा खाडा कधी, आत्या कधी राहायला आली, हे घरातल्या बाईने त्यावर लिहिलेलं असतं. ‘आत्या होती तेव्हा ते ठीक होते’ हे वाक्य डॉक्टरला कामाचं आहे.

५. पिशवी आणि वही घेऊन एकाच फिजिशियनकडे जा. कळंबोलीकरांना शेजारी कामोठ्यात एमजीएमचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रश्न एकच विचारा: यातली कुठली कमी करता येईल? सोडियम, शुगर, बी-१२, थायरॉइड, क्रिएटिनिन तपासायचं का, तेही विचारा.

६. स्वतः एकही गोळी बंद करू नका. झोपेची गोळी बरेच महिने घेऊन एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. फिटच्या गोळ्यांचंही तसंच. डॉक्टर अशी गोळी काही आठवड्यांत उतरवत नेतात, शक्यतो एका वेळी एकच, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. तोवर वहीत रोज एक ओळ लिहा: झोप, चाल, बोलणं. परीक्षा घ्यायचीच तर तारीख विचारू नका, निवृत्त माणसाला ती कशाला लागते? संकष्टी झाली का, ते विचारा.

अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराला त्यांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून तीन वर्षं ठेवावी लागते. ‘ओळखीचा आहे, देतो’ असा मेडिकलवाला आपला हितचिंतक नव्हे.

गोळ्या कमी करूनही विसरणं वाढतच गेलं, तर स्मृतिभ्रंशाची रीतसर तपासणी करून घ्या. वही तेव्हाही सोबत न्या. तिथला डॉक्टरही पहिला प्रश्न औषधांचाच विचारेल.