पगाराचा हिशोब: घरात ठेवावा की बाहेर द्यावा?

दुकानात माणसे चार असतात तोवर पगाराचा हिशोब म्हणजे गल्ल्याजवळची एक वही. महिनाअखेर वही उघडायची, खाडे मोजायचे, उचल वजा करायची आणि उरलेली रक्कम हातावर ठेवायची. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक या आमच्या भागात बहुतेकांचा धंदा असाच उभा राहिला. आमचाही. परंतु माणसे दहाच्या वर गेली की ही वही पुरत नाही. मग प्रश्न येतो की हे काम आपल्या मुनिमाने करावे, की बाहेरच्या सल्लागाराकडे सोपवावे? या बाबतीत आम्ही एकदा चुकलो. ती चूक आणि तिच्यातून मिळालेला धडा व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आधी डोकी मोजा

निर्णयाची सुरुवात माणसांच्या संख्येपासून करावी. दहा किंवा अधिक माणसे झाली की राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय लागू होते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारा कामगार तिच्यात येतो. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का व मालकाचा सव्वातीन टक्के आहे. पगार १४,००० असेल तर कामगाराचे १०५ व मालकाचे ४५५, असे माणशी ५६० रुपये भरावे लागतात. बारा माणसांचे झाले ६,७२० रुपये.

वीस माणसांपासून भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ लागतो. कामगाराचे बारा टक्के, मालकाचे बारा टक्के, शिवाय विमा व प्रशासन खर्चाचा सुमारे एक टक्का मालकाकडून. चौदा हजारांवर कापायचे म्हटले तर कामगाराच्याच खिशातून १,६८० रुपये जातात. ही रक्कम लहान नाही. एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसे वीसच्या खाली आली तरी तो सुटत नाही. ठेकेदारामार्फत आणलेली माणसेही मोजणीत येतात. म्हणून जूनमधील शाळेच्या गणवेशांसाठी किंवा ईदच्या हंगामासाठी जादा शिलाई कारागीर घेण्याआधीच चौकशी करावी, नंतर नव्हे.

पीएफ आणि ईएसआय या दोन्ही रकमा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायच्या असतात. शिवाय व्यवसाय कर आहे. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे महिना २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये कापावे लागतात. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत हा कर नाही. जून व डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधी येतो. एवढ्या तारखा सांभाळताना कपड्याचा धंदा कधी करायचा, असे वाटून मनुष्य सल्लागाराचा दरवाजा ठोठावतो. आम्हीही ठोठावला.

आमची चूक

तेव्हा दोन दुकाने व गणवेशाचा शिलाई कारखाना मिळून आमच्याकडे तेवीस माणसे होती. तालुक्याबाहेरच्या एका सल्लागाराकडे आम्ही सगळे सोपवले. दर महिन्याला पीएफची रक्कम आणि त्याची फी असा एकच चेक आम्ही त्याच्या नावाने देत होतो. तो पगाराच्या चिठ्ठ्या छापून पाठवी. चिठ्ठ्या सुबक होत्या. आम्ही निर्धास्त झालो.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कटिंग मास्तरने घराचे पत्रे बदलण्यासाठी पीएफमधून पैसे काढायचे ठरवले. त्याच्या मुलाने मोबाईलवर पासबुक उघडले, तर मागचे चार महिने कोरे! मास्तर दुकानात आला, चार चिठ्ठ्या समोर ठेवल्या आणि एवढेच म्हणाला, "भाई, कापलेले पैसे गेले कुठे?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

चौकशी केली तेव्हा कळले की पैसे सल्लागाराकडेच अडकले होते. आम्ही त्याला दिलेले चेक दाखवले. पण कायदा मालकाला ओळखतो, मालकाने नेमलेल्या माणसाला नाही. चार महिन्यांची रक्कम आम्ही दुसऱ्यांदा भरली, वर व्याज व दंड. हा तोटा धंद्यातून भरून निघाला. परंतु मास्तरचे पत्रे पावसाआधी बसायचे ते दिवाळीनंतर बसले. कर्जतचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला याचा अर्थ सांगायला नको.

कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा आपला नसतो, तो आपल्याकडे अमानत असतो. काम दुसऱ्याला देता येते, अमानतीची जबाबदारी देता येत नाही. या लेखातील मुख्य गोष्ट हीच.

काय घरात, काय बाहेर

त्यानंतर आम्ही सगळे काम परत घरात आणले नाही. कामाचे दोन भाग केले. चार गोष्टी घरात ठेवल्या.

पहिली, हजेरी. कोण आला, कोणी किती नग शिवले, हे कारखान्यातल्या माणसालाच ठाऊक असते. नगावर मजुरी असेल तर रोजच्या नगांची नोंद रोज संध्याकाळी कारागिराला दाखवून त्याची सही घ्यावी.

दुसरी, उचल. लग्न, आजारपण, रमजान, शाळेची फी यांसाठी दिलेल्या उचलीची वही बाहेरचा माणूस सांभाळू शकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवा वेतन कायदा अमलात आला आहे. त्याप्रमाणे एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून अधिक करता येत नाही. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. माणसाने काम सोडले किंवा त्याला काढले तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशोब चुकता करावा लागतो. सल्लागाराला फोन करून त्याची वाट पाहण्याइतका हा वेळ नाही. वही घरातच तयार हवी.

तिसरी, नाव. आमच्या लोकांत ही अडचण फार. आधारवर 'मोहम्मद' पूर्ण, बँकेत 'मो.', रेशनकार्डावर 'शेख' शेवटी, तर पीएफमध्ये 'शेख' आधी. नाव व जन्मतारीख जुळली नाही की पैसे काढण्याचा अर्ज अडकतो. नवा माणूस कामावर घेताना आधार व बँकेचे पुस्तक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. हे काम मालकाने स्वतः करावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, पैसे भरणे. सल्लागाराने फाइल चढवावी, चलन तयार करावे. रक्कम मात्र आपल्या खात्यातून थेट सरकारकडे जावी. बँकेचा पासवर्ड व ओटीपी कोणालाही देऊ नये. सल्लागाराची फी वेगळी द्यावी.

बाकीचे, म्हणजे आकडेमोड, रिटर्न भरणे, नियम बदलला तर कळवणे, हे खुशाल बाहेर द्यावे. सल्लागार बहुधा माणशी दर लावतो व जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के कर येतो. ही रक्कम मुनिमाच्या महिन्यातील चार-पाच दिवसांच्या पगाराशी ताडून पाहावी. आमच्या मते दहाच्या आत माणसे असतील तर सगळे घरातच ठेवावे. दहा ते चाळीसपर्यंत वरीलप्रमाणे वाटणी करावी. त्याच्या पुढे स्वतःचा जाणकार माणूस नेमणे बहुधा परवडते.

मोठ्यांचेही चुकते

हा प्रश्न केवळ लहान दुकानाचा नाही. महाराष्ट्रातील शिक्षकांचे पगार 'शालार्थ' या सरकारी प्रणालीतून निघतात. जानेवारी २०१८ मध्ये ती बंद पडली आणि पगार जुन्या पद्धतीने कागदावर काढावे लागले. ज्या शाळेत कागदी नोंदी नीट होत्या, तिला हे काम सोपे गेले असणार. पुढे २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीवर पगार उचलल्याचे प्रकरण उघडकीस आले व गुन्हे दाखल झाले. यावरून दोन धडे घ्यावेत. संगणकातील हिशोबाची एक छापील प्रत दरमहा घरी ठेवावी. आणि नाव चढवणारा व पैसे मंजूर करणारा ही दोन वेगळी माणसे असावीत. प्रत ठेवताना ती जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नये. २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर आपल्या भागाने पाहिलेला आहे.

दर महिन्याचे काम

आता आम्ही एवढेच करतो. ७ तारखेच्या आत पगार व चिठ्ठी. १५ तारखेच्या आत आमच्या खात्यातून चलन. महिनाअखेर कोणत्याही दोन कामगारांना बोलावून त्यांच्याच मोबाईलवर पासबुक उघडून पाहतो. पाच मिनिटे लागतात. पहिल्यांदा आम्ही मास्तरलाच बोलावले होते. त्याने पासबुक वाचले, मोबाईल खिशात ठेवला आणि कात्री उचलून कामाला लागला.