अर्ध्या टाकीवर दम टाकणारा पंप

ऑगस्ट महिना, सोयाबीनवर अळी आणि चक्रीभुंगा, चार दिवसांनी पडलेली उघडीप. अशा वेळी पाठीवरचा, पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप मध्येच बंद पडला तर काय होतं, हे बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावच्या शिवारात कुणाला सांगावं लागत नाही. प्रस्तुत लेखकाचा पंप त्या हंगामात नेमका असाच वागत होता. सकाळी पेट्रोलची टाकी भरून दोरी ओढली की पहिल्या झटक्यात सुरू. पिकाची चार-सहा तासं मारून झाली की आवाज चढायचा, मग भकभक, मग गप्प. नळीत पाहावं तर पेट्रोलबरोबर बुडबुड्यांची रांग.

दुकानदाराने पंप हातात घेताच निकाल दिला: कार्बोरेटर गेला. नवा बसवला, पैसे घेतले, टाकी काठोकाठ भरून इंजिन सुरू केलं आणि म्हणाला, “चालायलंय की मस्त, मालक!” शेतात पुन्हा तेच. परत नेला तर त्याने पुन्हा टाकी भरली आणि पुन्हा तो चालला. मग दोष माणसाकडे वळला. तेल कमी टाकता, चोक उघडत नाही, तुम्हाला चालवता येईना. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात हे ऐकावं लागलं. ज्याची फवारणी अडलेली असते त्याला वाद घालायला सवड नसते, हे अशा दुकानांना पक्कं ठाऊक असतं.

उलगडा घरीच झाला, ओसरीवर. टाकीतलं पेट्रोल कमी करून कार्बोरेटरचा रबरी फुगा दाबला की बुडबुडे यायचे. थोडं पेट्रोल ओतलं की ते थांबायचे. पुन्हा काढलं, पुन्हा सुरू. प्रत्येक वेळी जवळपास त्याच पातळीला! नळी टाकीबाहेर ओढली तेव्हा आतल्या वळणावर कडक झालेल्या रबराला केसाएवढी चीर होती. टाकी भरलेली असताना ती चीर पेट्रोलात बुडायची आणि तिच्यातून पेट्रोलच आत जायचं. पातळी खाली गेली की चीर उघडी पडून हवा ओढायची. दुकानात दर वेळी काठोकाठ भरली जाणारी टाकी रोगच झाकत होती. नवा कार्बोरेटर उगाच बसला. नळी चहा-नाश्त्याच्या पैशात आली.

अनेक मिस्त्री इथेच का चुकतात, याला कारण आहे. त्यांचा हात लुना, एम-एट्टी आणि राजदूतवर बसलेला. त्या गाड्यांत टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. नळी फुटली तर ते खाली ठिबकतं आणि डोळ्यांना दिसतं. या २६ सीसीच्या पंपात टाकी इंजिनाच्या खाली असते. क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर कार्बोरेटरचा पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल वर खेचतो. इंजिन आडवं-तिडवं झालं तरी चालावं म्हणून झाडं कापायच्या करवतीतही हीच रचना असते. ओढणाऱ्या नळीला भोक पडलं तर बाहेर थेंब येत नाही, आत हवा जाते. “गळत तर नाही ना?” हा प्रश्नच इथे कुचकामी.

हवा मिसळली की नुसता पंप बंद पडून भागत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी तर ऑइलही कमी. वेग चढतो, इंजिन तापतं, पिस्टन जाम होतो. बंद पडण्याआधी आवाज अचानक चढत असेल तर रेस वाढवू नका, लगेच बंद करा.

तरी प्रत्येक बुडबुडा वाईट नसतो. कार्बोरेटरकडून टाकीत परत येणाऱ्या नळीत सुरुवातीला हवा दिसणारच. फुगा आठ-दहा वेळा दाबल्यावरही ओढणाऱ्या नळीतले बुडबुडे थांबले नाहीत, तर चीर शोधा. टाकी रिकामी करा, नळी काढा, एका टोकाला सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज लावा, दुसरं टोक बोटाने दाबून नळी पाण्यात धरा आणि हवा भरा. चीर स्वतःच दिसेल. नळी धड निघाली तर टाकीच्या भोकातला रबरी बुश आणि फुग्याची कड पाहा. झाकण थोडं सैल केल्यावर इंजिन सुधारत असेल, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. फिल्टर तुंबला तरी ओढ वाढून बुडबुडे येतात.

सलाइनची नळी लावायचा मोह टाळा. पेट्रोलात ती काही दिवसांत काठीसारखी कडक होते. पेट्रोलसाठीचीच नळी मागा. इथेनॉलचाही विचार करा. ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलच्या विक्रीचा शुभारंभ झाला आणि आता ते सगळीकडे मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या माणसांनी तोडलेल्या उसापासूनही इथेनॉल बनतं आणि तेच बीडच्या पंपांची नळी खातं, ही आपली कमाई! हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेल्या पेट्रोलवर इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. ऑइलचं प्रमाण पुस्तिकेप्रमाणे ठेवा: १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. बाकी स्वच्छता वगैरे सगळ्यांना माहीतच आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून. फवारणी चालू असताना नळी तोंडाने ओढू किंवा फुंकू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. औषध लागलेल्या हाताने धरलेली नळी ओठाला लावण्याइतकी घाई कोणत्याच पिकाला नसते. आधी पंप पाठीवरून उतरवा, हात साबणाने धुवा, इंजिन थंड होऊ द्या.

आणि पंप दुकानात न्यायचाच असेल, तर टाकी अर्धी ठेवून न्या. दुकानदार भरायला लागला तर त्याचा हात धरा.