हाडातली सळई आणि जीवाणूंचे गणित

मांडीचे हाड मोडले की शल्यविशारद आत पोलादाची सळई बसवतात. हाड जुळते, माणूस चालू लागतो. पण क्वचित जखम लाल होते, पू वाहू लागतो आणि प्रतिजैविके देऊनही तो थांबत नाही. असे का व्हावे? प्रश्न वैद्यकाचा खरा. पण उत्तर बरेचसे अंकगणितात आहे. म्हणून भौतिकीच्या मास्तराने त्यात नाक खुपसायला हरकत नसावी.

गुन्हेगार बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू. पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात तो सुखाने नांदत असतो. १९५७ साली एलेक व कॉनेन यांनी तो स्वयंसेवकांच्या त्वचेत टोचून पाहिला. पू होण्यासाठी दहा लाखांवर जीवाणू लागले. मात्र तेथे रेशमी टाक्याचा धागा असला, की त्याच्या दहा हजारपट कमी, म्हणजे शंभराच्या आसपास जीवाणू पुरले!

धागा काय नि सळई काय, दोन्ही निर्जीव. त्यांत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे पांढऱ्या पेशींचा पहारा तेथे ढिला पडतो. जीवाणू पृष्ठभागाला चिकटतात आणि ओढ्यातल्या दगडावर असतो तसा बुळबुळीत थर रचतात. थराच्या तळातल्या जीवाणूंची उपासमार होते व वाढ जवळजवळ थांबते. पेनिसिलीन जीवाणूच्या भिंतीचे बांधकाम बिघडवते; बांधकामच बंद असेल तर ते बिघडवणार काय? हे जीवाणू प्रतिरोधक नव्हेत, नुसते दडून बसलेले.

क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन अशांवरही चालते. पण सुमारे एक कोटी जीवाणूंत एखादा, केवळ योगायोगाने झालेल्या बदलामुळे, त्याला दाद न देणारा निघतो. सळईवर दहा कोटी जीवाणू असतील तर असे दहा तेथे आधीच हजर! बाकीचे मेले की मैदान त्यांचेच. अर्ध्या तासाला दुप्पट होणाऱ्या एका जीवाणूचे दहा तासांत १०,४८,५७६ होतात. (वहीत करून पाहा. शरीरात हा वेग कमी असतो, एवढेच.)

आता जोडीला दुसरे औषध द्या. समजा, त्यालाही कोटीत एकच दाद देत नाही. दोन्हींना न जुमानणारा एक सापडायला कोटी गुणिले कोटी, म्हणजे १ वर १४ शून्ये इतके जीवाणू हवेत. म्हणून सळईच्या जखमेत रिफाम्पिसिन कधी एकटे देत नाहीत. शिवाय आधी जखम उघडून धुतात, म्हणजे मूळ संख्याच घटते.

हे गणित एके ठिकाणी फसते. १९६१ साली इंग्लंडमध्ये मेथिसिलीन या तेव्हाच्या नव्या औषधाला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस आढळले. त्यांना प्रतिरोधाचा जनुक दुसऱ्या जीवाणूकडून तयारच मिळालेला असतो. असा पाहुणा प्रतिरोधक होऊनच जखमेत शिरतो. मग दारच बंद ठेवणे आले. कृत्रिम खुब्याचे जनक जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात राइटिंग्टन येथे शस्त्रक्रियेच्या जागेवर गाळलेल्या हवेचा झोत सोडला. पू होण्याचे प्रमाण शेकडा ७ वरून एकाच्याही खाली आले. सारे श्रेय हवेला द्यावे का, हा वाद आजही चालू आहे. छेद घेण्याच्या तासाभरात आधी प्रतिजैविकाची एक मात्रा देणे मात्र सर्वमान्य झाले, कारण तेव्हा जीवाणू असलेच तर शेकड्यांत असतात.